परदेशात अडकलेले मूल आणि आपली वृत्तपत्रे



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वाशीम जिल्ह्यात चैत्र-वैशाखात माणसे बोलतात ती पाण्याविषयी, सोयाबीनच्या भावाविषयी आणि मुलांच्या निकालांविषयी. तिथे जर्मनी-नॉर्वेतल्या मुलांच्या ताब्याची कथा कशाला, असे कोणी वाटेत म्हटलेही असेल. त्याचे उत्तर पहिल्यानेच देऊन टाकतो. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथली मुले आता पुण्याला शिकतात आणि पुण्याहून बर्लिनला, ॲमस्टरडॅमला, न्यू जर्सीला जातात. संसार तिथे थाटतात, नातवंडे तिथे जन्मतात आणि आजी-आजोबा त्यांना मोबाइलच्या काचेवर पाहतात. तिथे संसार मोडला किंवा तिथल्या सरकारी खात्याचा संशय आला, तर त्या मुलाचे काय होते आणि त्याच्यासाठी इथे बसून काय करता येते, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. वेळ आल्यावर शिकायला फुरसत नसते.

या विषयाचा एकच भाग मी आज घेणार आहे. कायदा मी येईल तिथे सांगेन. परंतु मला बोलायचे आहे ते लोकांच्या लक्षाविषयी. अशा मुलाची बातमी छापून येते, चार दिवस सगळा देश हळहळतो आणि मग ती विझते. तिकडे खटला चालूच असतो. बातमी विझू न देणे हे एक काम आहे, आणि ते काम बहुतेक जण चुकीच्या रीतीने करतात, असे माझे मत आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. मुंबईशी नाते असलेले एक गुजराती जैन जोडपे बर्लिनमध्ये राहत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव अरिहा. हे नाव सरकारी निवेदनांत उच्चारले गेले आहे म्हणून मी ते घेतो. आईवडिलांची नावे घेण्याचे मला कारण नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये, मुलगी सात महिन्यांची असताना, तिच्या अंगाला जखम दिसली म्हणून आईवडिलांनीच तिला दवाखान्यात नेले. जखम अपघाताने झाली, असे घरच्यांचे म्हणणे. डॉक्टरांना संशय आला, आणि तिथल्या बालकल्याण खात्याने, ज्याला जर्मन भाषेत युगेंडआम्ट म्हणतात, मूल आपल्या ताब्यात घेतले. अत्याचाराच्या संशयावरून जी फौजदारी चौकशी झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोप न ठेवताच बंद करण्यात आली. आपल्याला वाटेल, झाले, मूल घरी आले. तसे झाले नाही. फौजदारी चौकशी वेगळी आणि मुलाच्या ताब्याचा दावा वेगळा. जून २०२३ मध्ये बर्लिनच्या पांको न्यायालयाने पालकांची मागणी फेटाळली. जखमा अपघाताने झाल्या हे म्हणणे त्या न्यायालयाला पटले नाही.

इकडे भारतात या प्रकरणाने मोठे रूप घेतले. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री दिल्लीस आल्या तेव्हा आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी हा विषय काढला आणि मुलीने आपल्या भाषेच्या, धर्माच्या, संस्कृतीच्या वातावरणात वाढावे हा तिचा हक्क आहे, अशी भूमिका पत्रकारांसमोर मांडली. जून २०२३ मध्ये १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना एकत्र पत्र लिहिले. आपल्या देशात १९ पक्षांचे खासदार एका कागदावर सही करतात हे दृश्य किती वेळा दिसते, ते आपणच आठवून पाहा! ऑगस्ट २०२३ मध्ये राजदूतांना मंत्रालयात बोलावून घेण्यात आले. आणि एवढे होऊनही, सप्टेंबर २०२५ मध्ये या ताटातुटीला चार वर्षे पुरी झाली तेव्हा ती मुलगी परक्याच घरात होती.

श्रोतेहो, चार वर्षे म्हणजे काय ते या सभेतल्या आयांना मी सांगायला नको. सात महिन्यांचे मूल बोलत नाही. ते पहिला शब्द ज्या घरात बोलते ती त्याची भाषा. दीड वर्षाचे झाले की ते त्या घरातल्या बाईच्या पदराशी, म्हणजे तिथे स्कर्टाशी म्हणा, जाऊन उभे राहते. पुढे न्यायालयात तज्ज्ञ साक्ष देतो की मूल आता या घरात रुळले आहे आणि त्याला इथून उपटणे त्याच्या हिताचे नाही. आणि ही साक्ष खोटी नसते. जो विलंब दुसऱ्याने केला तोच आईबापांच्या विरुद्ध पुरावा होऊन उभा राहतो. आपल्याकडे दिवाणी दाव्यात तारखा पडतात त्या शेताच्या बांधासाठी पडतात; बांध निदान जागच्या जागी राहतो. मूल राहत नाही. म्हणूनच अशा प्रकरणात लोकांचे लक्ष टिकवायचे असते. दूरच्या न्यायाधीशावर गर्दीचा दाब आणावा म्हणून नव्हे, तसा दाब आणताही येत नाही. तर कारभारातल्या माणसांनी आपले काम पुढच्या महिन्यावर ढकलू नये म्हणून. भारताच्या वकिलातीतला अधिकारी, दिल्लीतल्या मंत्रालयातला सचिव, इकडचा खासदार, ही सगळी माणसे शंभर कामांच्या ढिगाऱ्यात बसलेली असतात. वृत्तपत्रातली चार ओळींची बातमी त्यांच्या ढिगाऱ्यातली एक फाईल वर काढते. तिची शक्ती एवढीच आहे, आणि ती थोडी नाही.

मग बातमी का विझते? काही वर्षे मी स्वतः बातम्या लिहिण्यात घालवली आहेत, त्यामुळे हे आतून सांगू शकतो. संपादकाच्या मेजासमोर तुम्ही कागद घेऊन गेलात की तो एकच प्रश्न विचारतो: नवे काय? तो निर्दय असतो म्हणून विचारत नाही. त्याच्याकडे रोजची आठ-दहा पाने आहेत आणि कालची बातमी आज विकत नाही. आई रडते आहे ही पहिल्या दिवशी बातमी असते. चाळिसाव्या दिवशी आई रडते आहेच, पण ती बातमी राहत नाही. अशा वेळी हताश झालेले आप्त काय करतात? ते आवाज चढवतात. काल अन्याय म्हटले, आज अपहरण म्हणतात, उद्या वंशद्वेष म्हणतात, परवा आणखी काही. प्रत्येक वेळी थोडा मथळा मिळतो आणि प्रत्येक वेळी थोडी पत जाते. पुढे अशी वेळ येते की खरेच काही महत्त्वाचे घडते, आणि संपादक म्हणतो, या लोकांचे नेहमीचेच आहे.

लक्ष कसे टिकते ते पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या एका प्रकरणाकडे पाहावे. न्यू जर्सीतल्या डेव्हिड गोल्डमन नावाच्या गृहस्थाची ब्राझिलियन पत्नी जून २००४ मध्ये चार वर्षांच्या मुलाला, शॉनला, घेऊन दोन आठवड्यांच्या सुटीसाठी माहेरी गेली आणि तिथूनच तिने कळवले की मी परत येणार नाही. १९८० साली हेग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, एका पालकाने असे परदेशी नेलेले मूल त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या देशात परत पाठवायचे असते आणि ताब्याचा निवाडा तिथल्या न्यायालयाने करायचा असतो. अमेरिका आणि ब्राझील दोघेही या करारात होते. तरीही साडेचार वर्षे काही हलले नाही. ऑगस्ट २००८ मध्ये आई बाळंतपणात वारली. तरी मूल तिच्या दुसऱ्या पतीच्या घरीच राहिले. जानेवारी २००९ मध्ये एका मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीने या बापावर कार्यक्रम केला आणि देशभर गवगवा झाला.

इथवर सगळ्या प्रकरणांचे सारखेच असते. फरक पुढे पडला. कार्यक्रम पाहून ख्रिस स्मिथ नावाचे न्यू जर्सीचे एक प्रतिनिधी पुढे आले आणि पुढच्याच महिन्यात बापाबरोबर स्वतः ब्राझीलला गेले. ही झाली एक नवी बातमी. मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाने ठराव केला; ही दुसरी. स्वयंसेवकांनी संकेतस्थळ चालवून कागदपत्रे आणि घडामोडी लोकांपुढे ठेवल्या. ज्या पत्रकाराला लिहायचे असेल त्याला सगळे एका जागी मिळे. डिसेंबरमध्ये फ्रँक लॉटेनबर्ग या सिनेटरने ब्राझीलला व्यापारात सवलत देणारे विधेयक अडवून धरले. मग ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांचा आदेश झाला आणि २४ डिसेंबर २००९ रोजी मूल बापाच्या हाती आले. यात आवाज चढलेला दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एक कृती घडत गेली आणि प्रत्येक कृतीला तारीख, जागा आणि जबाबदार माणूस होता. संपादकाच्या प्रश्नाला दर वेळी प्रामाणिक उत्तर होते.

परंतु याच प्रकरणाचा शेवटचा दिवसही सांगितला पाहिजे. रिओ शहरातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाला नेले तेव्हा रस्त्यावर कॅमेऱ्यांची एवढी दाटी होती की नऊ वर्षांचे ते पोर सावत्र बापाला बिलगून, रडत, त्या रेटारेटीतून चालत गेले. ते चित्र जगभर छापले गेले. बापलेकांना घरी नेणारे विमान त्याच दूरचित्रवाणी कंपनीने भाड्याने घेतले होते, आणि बातमी देणाऱ्याने बातमीचा खर्च करावा काय म्हणून पत्रकारांच्याच संस्थेने तिला दोष दिला. ज्यांनी मुलाला परत आणायला मदत केली त्यांनीच त्याचा तो दिवस तसा केला. मला हे प्रकरण विसरता येत नाही ते एवढ्यासाठी. मोहीम मुलासाठी असते, आणि एका टोकाला पोहोचल्यावर ती मुलाच्या अंगावरून जाऊ शकते.

आता आपल्याच देशातल्या माणसांची गोष्ट, नॉर्वेतली. मे २०११ मध्ये स्टॅव्हँगर गावी एका बंगाली कुटुंबाची दोन मुले तिथल्या बालकल्याण खात्याने नेली. मुलगा तीन वर्षांच्या आतला, मुलगी काही महिन्यांची. सात-आठ महिने हे कोणाला ठाऊक नव्हते. २०१२ च्या आरंभी भारतातल्या वृत्तवाहिन्यांनी ते उचलले. मुलांना हाताने भरवणे, आपल्याच अंथरुणावर झोपवणे यांवर तिथे आक्षेप घेतला गेला असे छापून आले, आणि साऱ्या देशाचे डोके फिरले, कारण हाताने न भरवलेले मूल आपल्याकडे शोधूनही सापडायचे नाही! आजी-आजोबा दिल्लीत नॉर्वेच्या वकिलातीसमोर धरणे धरून बसले. परराष्ट्रमंत्री कृष्णा यांनी लक्ष घातले. मुलांना काकाच्या स्वाधीन करावे असा तोडगा निघत आला आणि त्याच वेळी, मार्च महिन्यात, आईवडिलांच्या आपसातल्या भांडणाची बातमी फुटली. ज्या वाहिन्यांनी त्या घराला आदर्श घर म्हणून दाखवले होते त्यांना तोंडघशी पडल्यासारखे झाले आणि नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी हात आखडता घेतला. सुदैवाने एप्रिलमध्ये तिथल्या न्यायालयाने काकाच्या बाजूने निकाल दिला आणि २४ एप्रिल २०१२ रोजी मुले दिल्लीला उतरली. त्यानंतर आईला स्वतःच्या मुलांसाठी भारतातच झगडावे लागले. जानेवारी २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने मुले तिला दिली. २०२३ मध्ये यावर हिंदी चित्रपट निघाला तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चित्रपटात ही मधली अडचणीची दोन-तीन पाने कशी दिसतात ते ज्याने त्याने ठरवावे.

या हकीकतीत मला मोठा धडा दिसतो. मोहीम चालवणारे लोक कुटुंबाचे चित्र रंगवतात. बाप कर्तबगार, आई देवता, घर म्हणजे गोकुळ. वस्तुतः याची गरज नसते. भांडणाऱ्या आईबापांचेही मूल त्यांचेच असते, आणि ते आप्तांत राहावे हा मुलाचा हक्क आईबापांच्या सद्गुणांवर अवलंबून नाही. जे सत्य आहे तेवढेच पहिल्या दिवसापासून सांगितले तर दहाव्या महिन्यात काही फुटायला शिल्लक राहत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती वृत्तपत्रे सहसा सांगत नाहीत. जर्मनीत काय, नॉर्वेत काय, मुलांच्या ताब्याचे खटले बंद दाराआड चालतात आणि खात्याचे अधिकारी गुप्ततेने बांधलेले असतात. त्यामुळे छापले जाते ते एकाच बाजूचे. सरकारी अधिकारी गप्प आहे म्हणजे त्याच्याकडे उत्तर नाही असे आपण समजतो. त्याला बोलता येत नाही एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ असतो. जर्मनीत २०२१ या एका वर्षात सुमारे ४७ हजार मुलांना खात्याने तात्पुरते ताब्यात घेतले, त्यात एकटी आलेली निर्वासित मुलेही होती, आणि बहुसंख्य आपल्या देशाची नव्हती. म्हणजे सगळी यंत्रणा भारतीयांच्या मुळावर उठली आहे हे खरे नाही. त्या यंत्रणेला परक्या घराची रीत कळत नाही, भाषा कळत नाही आणि एकदा घेतलेला निर्णय मागे घेणे जड जाते, हे मात्र खरे आहे. आपल्या महसूल खात्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला यातले शेवटचे कलम समजावून सांगावे लागणार नाही.

तेव्हा मागावे काय? इथे मी थोडा कायद्यात शिरतो. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९ चा आहे. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला, जर्मनीनेही त्याच वर्षी. त्याच्या विसाव्या कलमात असे आहे की, मुलाला घराबाहेर ठेवावे लागले तर त्याच्या संगोपनात सातत्य राहावे याकडे आणि त्याच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमीकडे योग्य लक्ष द्यावे. हे त्या देशाने स्वतः सही करून मान्य केलेले वचन आहे. 'आमचे मूल तात्काळ परत करा' या मागणीला न्यायाधीश नाही म्हणू शकतो. 'निकाल लागेपर्यंत मुलीला आठवड्यातून इतके तास तिची भाषा बोलणारी बाई भेटू द्या, तिला मांस भरवू नका' या मागणीला नाही म्हणणे फार अवघड असते. आपल्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून जैन यात्रेकरू येतात. कारंजाला जैन ग्रंथांचे जुने भांडार आहे. जैन घरातल्या मुलाच्या ताटात काय पडते हा प्रश्न त्या घराला केवढा असतो हे बर्लिनच्या अधिकाऱ्यापेक्षा वाशीमच्या माणसाला अधिक कळेल. अशी लहान, मोजता येणारी मागणी केली की ती पुरी झाली किंवा नाही हे पुढच्या महिन्यात विचारता येते. बातमी तिथे आपोआप जिवंत राहते. मोठ्या मागणीला एकच उत्तर असते आणि ते बहुधा लवकर मिळते.

त्याचप्रमाणे १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, वकिलातींसंबंधीचा. त्याच्या ३७ व्या कलमाप्रमाणे परदेशी नागरिक असलेल्या अज्ञान मुलाला पालक नेमण्याची वेळ आली की त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवावे लागते. ते कळवले होते काय? कोणत्या तारखेला? हा प्रश्न कोणत्याही वार्ताहराने विचारावा, त्यासाठी बर्लिनला जावे लागत नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' नावाचे तक्रारीचे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथे तक्रार नोंदली की क्रमांक मिळतो आणि क्रमांक मिळाला की पाठपुरावा करता येतो. आणि संसदेतला प्रश्न! त्याची थोरवी आपण विसरत चाललो आहोत. वाशीम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशीम लोकसभा मतदारसंघात येतात, रिसोड अकोल्यात. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याला दोन खासदारांची दारे ठोठावता येतात. खासदाराने लेखी प्रश्न दिला की मंत्र्याला लेखी उत्तर द्यावे लागते, ते छापले जाते आणि पुसता येत नाही. मोर्चाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. हे उत्तर दहा वर्षांनीही न्यायालयात दाखवता येते. मोर्चा काढू नये असे मी म्हणत नाही. मोर्चाच्या आधी कागद झालेला असावा.

घरच्या मंडळींनी बोलण्यासाठी एकच माणूस ठेवावा, आणि तो शक्यतो आईबापांपैकी नसावा. आईला दर आठवड्याला कॅमेऱ्यासमोर बसवून तेच पुन्हा सांगायला लावणे हे मला अमानुष वाटते; आणि तिचे प्रत्येक वाक्य तिकडच्या वकिलाच्या दप्तरी जमा होत असते ते वेगळेच. मुलाची छायाचित्रे, दवाखान्याचे कागद, जखमेचे वर्णन हे कोणालाही देऊ नये. आज दया यावी म्हणून व्हॉट्सॲपवर टाकलेला कागद ते मूल सोळा वर्षांचे होईल तेव्हाही तिथेच असेल आणि त्याच्या शाळेतली मुले तो वाचतील. शेवटचे म्हणजे जिल्ह्याच्या पत्राला कमी लेखू नये. दिल्लीची वाहिनी सात दिवसांत निघून जाते. गावच्या वार्ताहराला ते घर ठाऊक असते, आजी बाजारात भेटते, आणि तो दिवाळीला, मुलाच्या वाढदिवसाला, तारखेच्या आदल्या दिवशी न सांगता चार ओळी लिहितो. लक्ष टिकते ते अशा चार ओळींनी.

श्रोतेहो, इथपर्यंत आपण आपल्या बाजूने पाहिले. आता जरा पलीकडच्या काठावर जाऊ. २९ सप्टेंबर २०१६ रोजी ॲमस्टरडॅममध्ये आजीच्या घरातून इन्सिया नावाच्या दोन वर्षांच्या मुलीला काही माणसांनी उचलून नेले आणि ती पोहोचली मुंबईला, आपल्या वडिलांकडे. तिथे आई, इथे बाप. हॉलंडच्या वृत्तपत्रांनी ही बातमी वर्षानुवर्षे धरून ठेवली, तिथल्या सरकारने आपल्या सरकारशी बोलणी केली, पळवून नेण्यात हात असलेल्यांना तिथे शिक्षा झाल्या. आपल्यापैकी कितीजणांनी हे नाव ऐकले होते? अरिहासाठी हळहळणाऱ्या आपल्या देशात त्या डच आईसाठी किती सभा झाल्या? मी कोणाला लाजवण्यासाठी हे विचारत नाही. बर्लिनमधला एखादा वार्ताहर आपल्याला हा प्रश्न विचारेल तेव्हा आपल्याजवळ उत्तर असावे, एवढाच हेतू.

दोन्ही प्रकरणे एकाच जातीची नाहीत हे उघड आहे. अरिहाला सरकारी खात्याने नेले. इन्सियाला घरच्याच माणसाच्या बाजूने नेण्यात आले. हेगचा करार फक्त दुसऱ्या जातीला लागू होतो. भारत त्या करारात नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये त्याचा विचार केला. न्यायमूर्ती बिंदल यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. विरोध करणारे म्हणतात की, परदेशात मारहाण सोसून मूल घेऊन माहेरी पळून आलेल्या मुलीला हा करार पुन्हा त्याच घराच्या दारात उभे करील. हा आक्षेप पोकळ नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मुलींचा विचार केला तर मला तो वजनदारच वाटतो. पण याची दुसरी बाजू अशी की, इथून कोणी बाप मूल उचलून टोरांटोला गेला तर इथल्या आईला त्या कराराचा आधार नाही. अमेरिकेत गोल्डमन बापलेकांच्या नावाने २०१४ साली कायदा झाला. त्याखाली दर वर्षी अहवाल निघतो आणि सहकार्य न करणाऱ्या देशांत भारताचे नाव वारंवार आले आहे.

करार नसताना आपली न्यायालये काय करतात? एक खटला सांगतो, मराठी आडनावांच्या आईबापांचा. मुलगा मार्च १९८३ मध्ये अमेरिकेत जन्मला. फेब्रुवारी १९८४ मध्ये आई त्याला घेऊन भारतात आली. बापाजवळ अमेरिकन न्यायालयाचा हुकूम होता. वाद चालत चालत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये निकाल लागला: परदेशी न्यायालयाचा हुकूम विचारात घ्यायचा, पण श्रेष्ठ मुलाचे हित, मूल आईकडेच राहील. निकाल योग्यच होता. परंतु मुलगा तोवर चौदा वर्षांचा झाला होता! ज्या मुलाच्या हिताचा विचार करायचा ते मूल विचार होईपर्यंत जवळजवळ मोठे होऊन गेले. याहून जुने उदाहरण हवे असेल तर जे. कृष्णमूर्तींचे घ्या. त्यांच्या वडिलांनी दोन मुलांचे पालकत्व ॲनी बेझंटबाईंना लिहून दिले, बाईंनी मुले इंग्लंडला नेली, वडिलांचे मन पालटले आणि त्यांनी १९१२ साली दावा लावला. मद्रासच्या 'हिंदू' पत्राने बाईंवर टीकेची झोड उठवली. १९१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात वडील जिंकले. मे १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. मुले इंग्लंडात आहेत, त्यांना स्वतःला तर कोणी विचारलेलेच नाही, असे तिथे म्हटले गेले. थोरला मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होत आला होता.

आपले कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. मुंज होताच मुलगा घर सोडायला निघाला, आई अडून बसली, दुसरी मुले होईपर्यंत तो थांबला आणि मग तिची आज्ञा घेऊन गेला. पुढे परत येऊन भेटला, असे गुरुचरित्र सांगते. तिथे मूल निघून गेले ते सांगून, विचारून. आजच्या या मुलांना बोलताच येत नाही अशा वयात त्यांचा निवाडा होतो, आणि बोलता येऊ लागते तेव्हा आईशी बोलायची भाषा त्यांच्याजवळ नसते. मोबाइलवर भेट मिळाली तरी मध्ये दुभाषा बसवावा लागतो.

म्हणून ज्यांची मुले परदेशी आहेत अशा श्रोत्यांना, संकटाची वाट न पाहता, आज घरी जाऊन करता येईल असे एक काम सांगतो. नातवाच्या जन्माचा दाखला, पारपत्र, लस टोचल्याची नोंद, डॉक्टरांचे कागद यांची एक प्रत गावच्या घरी असू द्या, आणि त्या शहरातल्या भारतीय वकिलातीचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक त्याच पाकिटावर लिहून ठेवा. आणि नातवाशी बोलताना, त्याला समजत नाही म्हणून, इंग्रजीत बोलू नका.